उंबराखालचे गोटे

२६ जानेवारी
आण्णा सरपंच झाल्यापासून झेंडावंदनाला सख्ख्या बहिणीलाच प्रमुख पाहुणी करायची त्याला हौस. माईकवर ओळख काय, तर "ह्या आमच्या भगिनी सुमनताई, सोलापूरला कॉलेजात किड्यांच्या प्रोफेसर हायत." शाळेतली पोरं फिदीफिदी हसली. मलाही हसू आलं.

भाषण लांबलं. ओढ्यातला एक गोटा बादलीत घालून नेला होता. तो उलटा करून दाखवला. खाली चिकटलेले ते इवलेसे जीव. म्हटलं, हे शेवाळ खरवडून खातात, कुजलेली पानं संपवतात, यांना मासे खातात, माशांना पक्षी. पाण्यात जरा घाण आली की सगळ्यात आधी हे जातात. आणि पुढे असंही म्हटलं की शाळेमागे ओढ्याचा जो गोट्यांचा पट्टा आहे, तिथलं पाणी अख्ख्या शिवारात सगळ्यात चांगलं. टाळ्या पडल्या. आण्णा लई खूश.

वहिनींनी डब्यात शेंगापोळ्या दिल्या. फ्लॅटवर आले तर नळाला पाणी नाही. परवा येणार म्हणे.

२ फेब्रु., रविवार
पुन्हा गाव. गोट्यांचा पट्टा (आता दर वेळी एवढं लिहिणार नाही, गो.प.). पाणी घोट्याएवढं, पण वाहतंय. खळखळ ऐकू येते. गुडघा दुखतो, तरी तास दोन तास बसले.

सोबत ओवी. आण्णाची नात, पहिलीत. बाप चिंचोळीला एमआयडीसीत शिफ्टवर, आई कुंभारीला शिवणक्लास घेते, पोर दिवसभर आजीपाशी. तिला शास्त्रीय नावं कशाला सांगू? आम्ही दोघींनी आमची नावं ठेवलीत. सपाट अंगाचा, मागे तीन बारीक शेपट्या, पोटाच्या कडेला कल्ले हलवत राहणारा तो "तीनशेपट्या". वाळूचे कण लाळेने चिकटवून नळकांडं करतो आणि ते घेऊन फिरतो तो "घरवाला". घरवाल्यावर तिचा फार जीव. "आत्याआजी, ह्याला भाडं न्हाय पडत?" म्हणाली.

पट्ट्याच्या वर, बांधाला, उंबराचं झाड. त्याच्याखालीही थोडे गोटे आहेत, पण पाणी कमी. तिथे विशेष काही दिसलं नाही.

१२ फेब्रु.
आण्णाचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. कुठल्याशा कंपनीच्या मदतीतून मशीन मिळालं. ओढा खोल करायचा. रुंदही. शाळेमागून सुरुवात.

मी म्हटलं, शाळेमागे का? खाली स्मशानाजवळ कर, तिथे नुसता गाळ आहे.

"आगं तूच सांगितलंस की माईकवर. तितलं पानी सगळ्यात चांगलं. मीटिंगीत समदे म्हनले, ताई म्हनत्यात तितंच डोह करू. खराब पानी साठवून काय करायचं?"

माझ्याच तोंडाने पट्टा दाखवून दिला.

१६ फेब्रु., रविवार
गावाला जाऊन भांडले. दुसरा शब्द नाही.

त्याला समजावलं की ते पाणी चांगलं आहे ते वाहतं म्हणून, गोट्यांवरून आपटत येतं म्हणून. गोटे काढले, खड्डा केला की पाणी साठेल, पण ते दुसरंच पाणी असेल. आण्णा ऐकून घेत होता. तो ऐकतो, हा त्याचा गुण आहे. मग म्हणाला, "दोन सालामागं उनाळ्यात टँकर यायचा. तुजी वैनी घागर घिऊन त्येच्या मागं पळत हुती. पाठ गेली तिची. तवा तू सोलापुरात हुतीस. आता किड्यासाठी मानसं तानेली ठिवू व्हय?"

वहिनी भाकरी थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

शेवटी एवढंच मिळवलं: उंबराखालचा तुकडा या वर्षी सोडायचा. आण्णा म्हणाला, "चल, तेवडा तुजा. माहेरची साडी समज."

२२ फेब्रु., शनि.
सकाळी उन्हं चढायच्या आत गो.प. मधले गोटे घमेल्याने उंबराखाली नेले. पाण्यातून काढलं की झाकायचं, ओलं पोतं टाकायचं, पळायचं. पन्नाशी उलटलेल्या बाईने असं पळावं का? रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. एकाने विचारलं, "बाई, बांधकाम काढलं का काय?"

सगळे कुठे नेणार? जमेल तेवढे नेले. उंबराखाली पाणी उन्हाळ्यात टिकेल याची खात्री नाही, म्हणून थोडे गोटे आण्णाच्या परसात, शेवग्याखाली, निळ्या प्लॅस्टिकच्या टबात ठेवले. ओढ्याचंच पाणी. माशांच्या टाकीला लावतात तो छोटा पंप लावला, पाणी हलतं राहावं म्हणून. वरून मच्छरदाणीचं कापड, दोरीने बांधून. फ्लॅटवर नेता आलं असतं तर बरं झालं असतं, पण आमच्या नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास, एका दिवसात सगळे मेले असते.

ओवीला पहारेकरी नेमलं असं म्हणाले, ती एवढी फुलली!

२४ फेब्रु.
आज प्रॅक्टिकल परीक्षा, मी बाहेरची परीक्षक म्हणून अडकलेली. व्हॉट्सॲपवर आण्णाने फोटो पाठवले. पिवळं मशीन, नारळ, हार. मशीनच्या बकेटीत आमचे गोटे. खाली लिहिलंय: शुभारंभ.

मुलं ट्रेमधल्या झुरळाची आतडी दाखवत होती आणि मी मार्क देत होते.

२ मार्च, रवि.
बघून आले. पट्टा नाही. सरळ, चौकोनी खड्डा, दोन्ही कडांना मातीचे ढीग. काळी माती, खाली मुरूम. गोटे देवळाच्या पायऱ्यांना वापरणार म्हणे. तळाशी थोडं गढूळ पाणी, आवाज नाही. इतकी वर्षं ती खळखळ गृहीत धरली होती.

मशीनवाला पोरगेला, अक्कलकोटकडचा. मला बघून कौतुकाने म्हणाला, "मॅडम, किती भारी काम झालंय बघा. तळ एकदम साफ." साफ झाला होता खराच.

उंबराखाली मात्र ठीक. टबातही ठीक. एक घरवाला टबाच्या भिंतीवर चढला होता.

९ एप्रिल
ओवीचा फोन, वहिनींच्या मोबाईलवरून. "आत्याआजी, तीनशेपट्यानं कपडे काढले!"

संध्याकाळी एसटीने गेलेच. मच्छरदाणीच्या आतून कापडाला चिकटून बसलेले, पारदर्शक पंखांचे. कात टाकून माशा झालेल्या. ओवीने विचारलं, हे आता काय खाणार? म्हटलं, काही नाही, यांना तोंडच नसतं. एखादा दिवस जगतात, अंडी घालतात, संपलं. तिला ते अजिबात पटलं नाही. चपातीचा तुकडा घेऊन आली.

दोरी सोडून त्यांना उडू दिलं. उंबराच्या दिशेने गेले का, कुणास ठाऊक. मला वाटलं तिकडेच गेले. आज फार दिवसांनी बरं वाटतंय.

२० एप्रिल, रवि.
गावात दोन दिवस लाईट नव्हती. पंप बंद. टबात सगळे मेलेले. घरवाल्यांची नळकांडी तळाला, आत मऊ काहीतरी. वास.

उंबराखाली पाणी आटलं. ओल आहे, एवढंच.

चूक कोणाचीच नाही. लाईट जाते, उन्हाळा येतो. तरीही वहिनींवर चिडले, बॅटरी का नाही लावली म्हणून. त्या म्हणाल्या, "वन्सं, घरात पंखा न्हवता दोन दिस. पोरगी घामाघूम हुती. किड्याचं कुटं ध्यानात ऱ्हायलं." मी चहा न घेता निघाले. वाईट वागले.

टब तसाच ठेवून आले. गोटे तळाला. उचलायची इच्छाच होईना.

मे
तारीख घालत नाही. पेपर तपासणी केंद्र. उकाडा. सोलापुरात दुपारी बाहेर पडवत नाही. रात्रीही भिंती तापलेल्या.

निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली. कधी वाटतं, एवढं आयुष्य ज्या जिवांवर घातलं त्यांचं मराठीत धड नावसुद्धा नाही. कोणाला हळहळ वाटायची तर आधी नाव तरी पाहिजे.

१५ जून, रवि.
जलपूजन. चांगला पाऊस झाला, डोह भरला. अख्खं गाव लोटलं होतं. आण्णाने नवा फेटा बांधला होता, वहिनी नव्या साडीत. विहिरीला पाणी चढलंय, हे नाकारण्यात अर्थ नाही. वहिनींनी खणा-नारळाने पाण्याची ओटी भरली आणि डोळे पुसले. टँकरच्या दिवसांत त्यांनी काय सोसलं ते मला ठाऊक नाही. मी तिथे नव्हते.

फोटोत मी कडेला उभी. चेहरा कुणी वारल्यासारखा.

परसात गेले नाही. तो टब बघवणार नव्हता.

९ जुलै
स्टाफरूममध्ये कॉलेज तपासायला येणाऱ्या समितीच्या फायली चालू, प्राचार्य डोक्यावर बसलेले, त्यात ओवीचा फोन.

"आत्याआजी, टबात पानी कमी झालं की मी घालती. किडे येतील का परत?"

"घाल घाल. येतील की."

आणि ठेवला.

२० जुलै, रवि.
डोहाचं पाणी हिरवं. काठाला चिखल, त्यात बैलांचे पाय. तळाचा गाळ चमच्याने काढून बघितला: लाल अळ्या, ज्यांना श्वासाला फारसं काही लागत नाही त्याच. पाण्यावर पळणाऱ्या निवळ्या नाहीत. वर दोन-तीन चतुर घिरट्या घालत होते, अंडी घालतीलही, पण ती पिल्लं वाढून डासांच्या अळ्या खायच्या कामाला लागायला वेळ जातो. धोबी पक्षी शेपटी हलवत गोट्यांवर फिरायचा, तोही दिसला नाही. गोटे नाहीत तर कशावर फिरेल.

आण्णा म्हणाला, "बघ की, किती पानी." खरंच खूप पाणी होतं.

उंबराखाली बारीक धार सुरू झालीय. घाई केली नाही, गोटे उलटले नाहीत. बसू देत.

टब पुन्हा बघितला नाही. एसटी निघायची होती.

१२ ऑगस्ट
ओवीला ताप. तीन दिवस अंगावर काढला. आज सोलापूरला आणलं. डेंगी.

१३ ऑगस्ट
दवाखाना. वहिनी कॉटपाशी. भाच्याने शिफ्ट बदलून घेतली, भाचेसून रडून रडून थकलेली. पेशी कमी होताहेत. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस महत्त्वाचे. वहिनी कुठून तरी पपईच्या पानांचा रस करून आणतात, ओवी तोंड वाकडं करून पिते. तिचे ओठ एवढे सुकलेत. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "टब भरलाय मी." कपाळावरून हात फिरवत राहिले.

१४ ऑगस्ट
ओवीचे कपडे आणायला म्हणून आण्णाबरोबर गावी गेले. परसात टब भिंतीला उपडा लावलेला. गोटे शेवग्याच्या बुंध्याशी ओतलेले. मच्छरदाणीचं कापड दोरीवर.

आण्णा म्हणाला, "काल सरकारी दवाखान्याची आशाताई आली हुती तपासायला. टबात वळवळत हुत्या म्हने. लई. तिनंच उपडा केला."

मी विचारलं, कापड कुणी काढलं? तो म्हणाला, "ओवीच काढायची. दिसत न्हाय म्हनायची जाळीतनं."

स्वच्छ पाणी. सावली. घराजवळ. मधे मारून खायला कोणी नाही, ना मासा, ना चतुराचं पिल्लू. डेंगीच्या डासाला याहून चांगली जागा नसते. हे मी वर्गात शिकवते. फळ्यावर चित्र काढून शिकवते.

आण्णाने माझा चेहरा बघितला. "आगं, घरोघर बॅरलं हायत. समद्यांच्यात निगाल्या. शाळंतबी निगाल्या. कुटला डास चावला कुनाला ठावं?" खरं आहे ते. कोणालाच कळणार नाही. मला त्याने जराही बरं वाटलं नाही.

कपडे घेऊन परत आले. वहिनींच्या हातात पिशवी दिली. त्यांनी ती घेतली, बघितलं नाही.

१५ ऑगस्ट
या वर्षी झेंड्याला गेले नाही. पेशी अजून खाली.

ओवी ग्लानीत. मधेच नर्सला सांगत होती, "आत्याआजीनंच सांगितलं, पानी घाल, येतील." वहिनी तिथेच होत्या. मीही.

बाहेर बाकावर जाऊन बसले. वाटलं, कोणीतरी येऊन मला शिव्या द्याव्यात. कोणी आलं नाही. आत जायचं धाडस झालं नाही, तशीच संध्याकाळपर्यंत.

१७ ऑगस्ट, रवि.
पेशी चढल्या. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. ओवीने इडली मागितली. सून हसली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. भांडतही नाहीत. चहा आणला तर घेतात, कप परत देतात.

२० ऑगस्ट
घरी सोडलं. मी बसस्टँडपर्यंत गेले. वहिनी जीपमध्ये बसताना आण्णाला म्हणाल्या, मला ऐकू यावं अशा आवाजात: "आता घरात किड्याचं काय आनायचं न्हाय."

बरोबर आहे त्यांचं.

२७ ऑगस्ट
गणपती. मी इथेच. आरतीला शेजारच्यांकडे गेले. आण्णाचा फोन: "गौरीला ये. माहेरवाशीन तूच हायस. तुज्याशिवाय आनायच्या कशा?"

आमच्या घरात खड्यांच्या गौरी. गावात बाकी सगळीकडे मुखवट्याच्या, नटलेल्या. आमच्या फक्त ओढ्यातले सात गोटे, ताम्हनात. लहानपणी याची लाज वाटायची. माझी सगळी विद्या खरं तर तिथून सुरू झाली. आईबरोबर गौर आणली आणि पूजेच्या ताम्हनात एक खडा चालायला लागला. घरवाला होता तो. आई घाबरून हात जोडून बसली, मी मात्र डोळे फाडून बघत राहिले.

वहिनींनी बोलवलं का, हे आण्णाला विचारलं नाही.

३१ ऑगस्ट, रवि.
गौर आणली.

खडे कुठून आणायचे हा प्रश्नच होता. गो.प. उरला नाही, डोहात चिखल. आण्णा म्हणाला, देवळाच्या कामाला खडी पडलीय, तितले सात घ्या. वहिनींनी नुसती मान हलवली आणि वर, उंबराकडे हात केला.

रीत अशी: तोंडात पाण्याची चूळ धरायची, खडे वेचायचे, घरी येईपर्यंत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. एरवी ही रीत पाळताना हसू दाबावं लागायचं, वहिनी मला कोपराने ढोसायच्या. आज दोघींच्या गप्प राहण्याला निदान निमित्त मिळालं.

उंबराखाली पाणी घोट्याच्याही खाली, पण वाहतंय. ऐकू येतं. मी फेब्रुवारीत आणलेले गोटे शेवाळून त्या जागेचेच झालेत. वहिनी एक वेचत, मी एक. सातवा मी उचलला. सवयीने उलटा केला.

खाली तीनशेपट्या. नखाएवढाही नाही. कल्ले हलत होते.

तोंडात पाणी. चूळ गिळली जाईल की काय अशी भीती वाटली. आनंद, आणि तेवढीच धास्ती, की हे वहिनींना दिसलं तर? पाण्यातला कुठलाही वळवळणारा जीव आता त्यांना ओवीचा ताप वाटणार. मी तो गोटा होता तसा, त्याच तोंडावर, पाण्यात परत ठेवला. दुसरा घेतला.

मान वर केली तर वहिनी बघत होत्या. गोट्याकडे, मग माझ्याकडे. गाल पाण्याने फुगलेले. त्या चेहऱ्यावरून काय ओळखणार.

तशाच घरी आलो. मागे बघितलं नाही. दारात ओवीने पायांवर दूध-पाणी घातलं, अशक्त हातांनी. "गौर आली कशाच्या पावलानं?" सुनेने विचारलं. उत्तर द्यायचं ते वहिनींनीच दिलं, चूळ टाकून: "सोन्या-मोत्याच्या पावलानं."

२ सप्टेंबर
विसर्जन. हे एसटीत लिहितेय, अक्षर हलतंय.

उंबराखालीच गेलो. आण्णा, वहिनी, मी. ओवीला हट्ट करूनही पाण्यात उतरू दिलं नाही. काठावर सुनेचा हात धरून उभी. तिथूनच ओरडली, "आत्याआजी, बघ की खाली कोन हाय का!" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

खडे सोडले. आण्णा उंबराला टेकून उभा होता. म्हणाला, "सुमे, एक इचारायचं हुतं. दिवाळी झाली की मशीन परत येतंय. डोह उंबरापातूर आनायचा म्हनत्यात. मी म्हनलं, बहिनीला इचारतो. हितं काय जितं हाय का? आसलं तर सांग. मीटिंगीत मांडतो, जमलं तर सोडू."

जमलं तर. जानेवारीत मी माईकवर सांगितलं, पट्टा गेला. जुलैत फोनवर सांगितलं, पोर दवाखान्यात गेली. आता हो म्हणावं की नाही? आहे म्हटलं तर वाचेल, का चांगलं पाणी इथेच म्हणून आधी हेच खणतील? नाही म्हटलं तर खणणारच आहेत. तोंड उघडलं होतं मी. काय बोलणार होते ते मलाही माहीत नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "काय न्हाय हितं. म्या बघितलं."

जीपमधल्या त्या वाक्यानंतर माझ्या कुठल्याही गोष्टीत त्या पहिल्यांदा बोलल्या. आण्णाकडे बघून, माझ्याकडे नाही. मग वाकल्या, मूठभर वाळू घेतली आणि निघाल्या.

आण्णा म्हणाला, "बरं." बस्स. तोही निघाला.

वहिनींनी बघितलं होतं. मी तो गोटा परत ठेवताना त्यांचे डोळे त्याच्यावर होते, मला नक्की माहीत आहे. मग न्हाय का म्हणाल्या? गावाची नजर या तुकड्यावर पडू नये म्हणून? माझ्याने बोलवणार नाही हे ओळखून? का पाण्यातलं जे काही असेल ते खणून एकदाचं संपावं म्हणून? यातलं काहीही त्यांना शोभतं. मी त्यांच्या जागी असते तर शेवटचंच केलं असतं.

घरी रीतीप्रमाणे ती वाळू त्यांनी घरभर टाकली. चूल, कोठी, देव, ओवीचं अंथरूण. मी चपला घालत होते. दारातून परस दिसतं. शेवटची चिमूट घेऊन त्या शेवग्याखाली गेल्या आणि जिथे टब होता तिथे टाकली. हात झटकले, आत आल्या. माझ्या पिशवीत डबा ठेवला.

डब्यात काय आहे अजून बघितलं नाही. आण्णाला फोन करून खरं सांगायचं का, हेही ठरत नाही. कुंभारी गेलं. सोलापूर येईल आता.